यादीतलं नववं पुस्तक

वाचनालयाच्या चौदा नंबरच्या कपाटात शेअरबाजारावरची पुस्तकं असत. असत म्हणजे एरवी असत. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्या कपाटात दोन डांबराच्या गोळ्या आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली एक यादी, एवढाच ऐवज शिल्लक होता. यादीवर ठळक अक्षरांत 'शिफारस केलेली पुस्तके' असं लिहिलं होतं आणि खाली नऊ नावं होती. नावं एकमेकांची सख्खी भावंडं शोभावीत अशी. ज्यात 'यशस्वी' नसेल त्यात 'श्रीमंत' असायचं आणि दोन्ही नसतील तर 'सहज' हमखास. त्यामुळे सभासद नावांच्या फंदात पडत नसत, पहिलं द्या, चौथं द्या, असं नंबरानंच मागत. यादी कधीकाळच्या एका खजिनदारांनी केली होती. ते आता मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहतात. इतकी चांगली यादी जवळ असताना ते मागच्या खोलीत का राहतात, हा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यात आला नाही. ज्यांच्या आला, त्यांना वाईट दिसेल म्हणून विचारवला नाही.

ग्रंथपाल बाई मात्र त्या रिकाम्या कपाटाकडे जरा काळजीनं बघत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही शेअर घेतला नव्हता. पण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचे शिक्के त्यांनीच मारले होते, आणि त्या चिठ्ठ्या बरंच काही सांगत. हे कपाट याआधी दोनदा असंच ओस पडलं होतं. दोन्ही वेळा नंतर एकाच आठवड्यात सगळी पुस्तकं घरी परतली, काही तर मुदतीच्या आधी आणि एक मधोमध फाटलेलं. त्यानंतर तीन-तीन वर्षं एकाही चिठ्ठीवर शिक्का नाही. बाईंचा अर्थशास्त्राचा अभ्यास एवढाच. पण तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी केला होता.

एका सोमवारी घड्याळवाले वाचनालयात आले. बाजाराच्या कोपऱ्यावर एक्केचाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. दुकान कपाटाएवढं, म्हणजे गिऱ्हाईक रस्त्यात आणि मालक कपाटात. पुढे लोक खिशातून फोन काढून वेळ बघायला लागले आणि घड्याळवाल्यांकडे वेळच वेळ उरला. शेजारी मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला मधली भिंत पाडून जागा वाढवायची होती. त्यानं जो आकडा सांगितला तो घड्याळवाल्यांनी दोनदा वदवून घेतला. एक्केचाळीस वर्षांत घड्याळांनी जेवढं दिलं नव्हतं, तेवढं ती जागा रिकामी होता होता देऊन गेली.

"बाई, शेअरबाजाराचं चांगलंसं पुस्तक द्या," घड्याळवाले म्हणाले.

"काका, यादीत नऊ आहेत आणि नऊही बाहेर गेलीत."

"नऊच्या नऊ?"

"तुमच्या आधी एकतीस जणांनी नाव लावून ठेवलंय. त्यात दातांचे डॉक्टर दोनदा आहेत."

दातांचे डॉक्टर म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. एकतीस हा आकडा ऐकून शहाणा माणूस आल्या पावली परत गेला असता. पण ज्या दुकानासमोर रांग आहे तिथला माल चोख, हे आयुष्यात स्वतःच्या दुकानासमोर रांग न बघितलेल्या माणसाला चटकन पटतं. घड्याळवाल्यांनी बत्तिसावं नाव लावलं.

"तुम्हाला कशाला हो हे?" बाईंच्या तोंडून निघून गेलं. एरवी वाचकाला त्या असं कधी विचारत नसत. त्यांच्या धंद्यात ते असभ्य समजतात.

घड्याळवाले काउंटरवर वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आमच्या गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर दोन खोल्या विकायच्या आहेत, माहीत आहे ना? नर्सबाईंच्या. आमची तिसऱ्या मजल्याची जागा त्यांना द्यायची आणि वर दुकानाचे सगळे पैसे घालायचे, की त्या आपल्या. हिला तेच हवंय. पण हिचा भाऊ म्हणतो, वर्षभर बाजारात घाला, दुप्पट होतात. मग दोन खोल्याच कशाला, पुढे अंगण असलेलं घर घेऊ. हिच्या कुंड्या मावतील."

"आणि नाही झाले दुप्पट तर?"

"म्हणून तर वाचणार. मी घाईचा माणूस नाही, बाई. नऊच्या नऊ वाचीन, ओळीनं, आणि शेवटचं मिटल्याशिवाय एक पैसा लावणार नाही. घड्याळ उघडलं की सगळे भाग मखमलीवर ओळीनं मांडायचे. एक जरी दिसत नसला, तरी जोडायला घ्यायचं नाही. जोडलं तर चालतं हो, नाही असं नाही. पण मग ते कधी थांबेल त्याचा भरवसा नाही."

ही प्रतिज्ञा त्यांनी नंतर मेहुण्याला ऐकवली, कव्हरवाल्याला ऐकवली, दाढ दाखवायला गेले तेव्हा तोंड उघडं ठेवून डॉक्टरांनाही ऐकवली. आठवड्याभरात सगळ्या गल्लीला कळलं की घड्याळवाले नऊ पुस्तकं वाचून बाजारात उतरणार. लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, "काय काका, कितव्यावर?"

पुस्तकं मात्र त्यांना अपेक्षेपेक्षा लवकर मिळू लागली. लोक ती नेत घाईनं आणि परत आणत त्याहून घाईनं. वाचत बसलं तर तेवढ्यात बाजार निघून जाईल, अशी प्रत्येकाला धास्ती होती.

*

घड्याळवाल्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. काकूंच्या दोन्ही गुडघ्यांनी एकाच वर्षी राजीनामा दिला होता. घर तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या चौपन्न. पाच महिन्यांपूर्वी दवाखान्यात जायचं होतं तेव्हा दोघा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं. दुसऱ्या मजल्यावरची पोरं दारात उभी राहून बघत होती. वर परत आल्यावर काकू म्हणाल्या, "आता पुढच्या वेळी आडवी होऊनच उतरेन, निदान लाज तरी वाटणार नाही." त्यानंतर त्या खाली उतरल्या नव्हत्या.

वाचनालयात 'घरपोच सभासद' अशी एक सोय होती. ज्यांना येता येत नाही त्यांना पुस्तक घरी जायचं. पुस्तकाच्या रांगेत त्यांचा नंबर पहिला आणि परत करायला मुदत नाही. फार वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळलेल्या एका मास्तरांसाठी समितीनं हा ठराव केला आणि मग रद्द करायचा विसरून गेली. आता त्या सोयीत काकू एकट्याच उरल्या होत्या. दर गुरुवारी घरी जाताना बाई स्वतः चौपन्न पायऱ्या चढून त्यांना कादंबरी पोचवत.

त्या गुरुवारी काकूंनी कादंबरीकडे बघितलंसुद्धा नाही. खिडकीत त्यांची खुर्ची होती. तिथून गल्लीच्या टोकाचं दार, त्यापुढची एकच पायरी आणि झाडाची अर्धी फांदी दिसायची.

"ते दार बघा, बाई. नर्सबाई सकाळी दार उघडतात आणि एका पायरीत रस्त्यावर. एका पायरीत! मी मोजते. नर्सबाई बहिणीकडे राहायला चालल्यात आणि त्यांना पुढच्या महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते हवंय. नाही म्हटलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

"मग काकांना सांगा की सरळ."

"सांगितलं ना. म्हणाले, अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं. आता यावर काय बोलणार? माणूस स्वतःसाठी काही करत असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं." काकूंनी पदरानं खिडकीची चौकट उगाच पुसली. "तुम्ही ती पुस्तकं देऊ नका त्यांना."

बाई एकदम ताठ झाल्या. "असं कसं, काकू? मागितलेल्या पुस्तकाला मी नाही म्हणू शकत नाही. सव्वीस वर्षांत कधी म्हटलेलं नाही. पुस्तक बाहेर असलं तर गोष्ट वेगळी."

मग दोघी थोडा वेळ गप्प बसल्या. दोन सज्जन बायका एकाच वेळी गप्प बसल्या की समजावं, काहीतरी शिजतंय.

"मग एखादं बाहेरच राहू द्या," काकू म्हणाल्या.

"कुणाच्या नावावर?"

"माझ्या. मला मुदत नाही ना?"

बाईंनी छपराकडे बघितलं. आयुष्यभर ज्या बाईनं लोकांच्या मागे लागून पुस्तकं वाचायला लावली, तिच्यावर आता एका माणसाला वाचू न देण्याची वेळ आली होती. शेवटी त्यांनी आपल्या मनाची अशी समजूत घातली की आठ पुस्तकं तर आपण देतोच आहोत; कुठल्याही वाचनालयाला नऊपैकी आठ हे प्रमाण अभिमानास्पद आहे. नववं दुसऱ्याच दिवशी परत आलं. ज्यानं नेलं होतं त्यानं ते बहुधा उघडलंच नव्हतं, मधली काही पानं छापखान्यातून आली तशी एकमेकांना चिकटलेली होती. पुढच्या गुरुवारी ते चौपन्न पायऱ्या चढलं. काकूंनी आधीच्या कादंबरीचा खाकी कागद त्याच्यावर चढवला आणि ते उशीखाली सरकवलं. अशा रीतीनं घड्याळवाले ज्या पुस्तकाची चौकशी करायला दर सोमवारी अर्धा मैल चालत जाणार होते, ते त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या अंथरुणापासून दोन हातांवर येऊन पडलं.

*

घड्याळवाले वाचायला बसले की बघत राहावं. टेबल पुसायचे, डाव्या हाताला वही, उजव्या हाताला टोक केलेली पेन्सिल आणि डोळ्याला दुकानातलं भिंग. पहिल्या पुस्तकात लिहिलं होतं की भाव पडत असतील तेव्हा घ्या. त्यांनी ते वहीत उतरवलं. दुसऱ्यात लिहिलं होतं की पडणाऱ्या भावाला चुकूनही हात लावू नका. तेही उतरवलं. तिसऱ्यात बाजार म्हणजे बाग होती, चौथ्यात रणांगण. पाचव्यात पानोपानी चढत्या-उतरत्या रेघांची चित्रं होती. ती त्यांनी भिंगातून इतक्या बारकाईनं बघितली की एका रेघेतला शाईचा डाग हीसुद्धा तेजीची खूण समजून टिपून घेतली. सहाव्याचं म्हणणं असं, की आधी वाचलेलं सगळं विसरा.

"अहो, कळतंय का काही?" काकू आतून विचारायच्या.

"सगळं एकदम कसं कळेल? अजून भाग मांडतोय."

रविवारी मेहुणा यायचा. त्याचं सोफ्यांचं दुकान होतं आणि बसणाऱ्याला उठू न देण्याची कला त्याच्या अंगात मुरली होती. "भाऊजी, बाजार इकडे गच्चीवर पोचला आणि तुम्ही अजून जिन्यात! पोहायला शिकायला कुणी पुस्तक वाचतं का?"

"बुडायला नाही लागत पुस्तक," काकू म्हणाल्या.

"ताई, तू मध्ये बोलू नकोस, तुला त्यातलं कळत नाही."

"नाही बाई, मला कुठलं कळायला," असं म्हणून काकूंनी खाकी कागदातल्या कादंबरीत डोकं घातलं.

आठवं संपल्यावर घड्याळवाले सोमवारी वाचनालयात जाऊ लागले.

"बाई, नववं आलं का?"

"नाही हो काका. बाहेर आहे."

"कुणाकडे आहे?"

"सभासदाचं नाव आम्ही सांगत नाही."

"बरोबर आहे, सांगूच नये," असं म्हणून ते लगेच वळायचे. येताना त्यांची पावलं जड असायची आणि जाताना हलकी, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. आठ पुस्तकं वाचल्यावर माणूस समजूतदार होत असावा, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. रात्री मात्र त्यांना नीट झोप लागत नसे. खरं बोलूनही फसवता येतं, हा शोध उतारवयात लागला की त्रास होतो.

गुरुवारी त्या काकूंना विचारत, "वाचून काय करताय तुम्ही? नुसतं ठेवायचं होतं."

"ठेवून ठेवून कंटाळले. दुपारी करायचं काय? दोनदा झालं वाचून."

"काय म्हणतं?"

"म्हणतं, धीर धरा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच. एवढं सांगायला त्याला चारशे बारा पानं लागली. लिहिणाऱ्याकडेच धीर नसावा."

इथवर सगळं सुरळीत होतं. घात केला तो अध्यक्षांनी, तोही चांगल्या हेतूनं. चौदा नंबरच्या कपाटाला एवढी मागणी आणि वाचक रांगेत, हे त्यांच्या कोवळ्या मनाला बघवेना. शिवाय रांगेत त्यांचं स्वतःचं नाव दोनदा होतं. त्यांनी समितीकडून ठराव करून घेतला आणि यादीतल्या प्रत्येक पुस्तकाच्या तीन-तीन नव्या प्रती मागवल्या. खोकी आली सव्वीस तारखेला. मेहुणाही वाचनालयाचा सभासद होता. त्याला बातमी आधी लागली. सत्तावीस तारखेला, सोमवारी, तो भाऊजींना दंडाला धरून घेऊनच आला.

"द्या बाई, नववं! आता नाही म्हणायचं कारण नाही, तीन आहेत!"

बाईंनी काउंटरखालून नवी कोरी प्रत काढली. ती देताना त्यांचा हात जरा रेंगाळला. वर बघितलं तर घड्याळवाल्यांचा चेहरा उतरलेला. हवी ती वस्तू मिळाल्यावर माणसाचा चेहरा असा होत नाही. बाई चपापल्या.

"यात एखादं पान कमी तर नाही ना?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"नवीन आहे, काका."

"नव्यातच असतात अशा भानगडी." ते तिथेच उभं राहून पानं मोजायला लागले. मेहुण्यानं दोनदा घड्याळ बघितलं, म्हणजे फोन बघितला. पानं चारशे बारा भरली. घड्याळवाल्यांनी उलट्या बाजूनं पुन्हा मोजून बघितली. तेवढीच भरली.

"झालं?" मेहुणा म्हणाला. "तीन दिवस घ्या, भाऊजी. तीस तारखेला सकाळी मी फॉर्म घेऊन येतो, सही करायची आणि पैसे लावायचे. त्या नर्सबाईंना मी परस्पर नाही सांगून टाकू का?"

"ते मी बघतो," घड्याळवाले म्हणाले. एवढंच.

*

घरी आल्यावर त्यांनी टेबल पुसलं, वही ठेवली, पेन्सिलीला टोक केलं. दिवस अजून मावळला नव्हता. खिडकीतल्या खुर्चीतून काकूंनी नवं पुस्तक बघितलं आणि त्यांचे हात मांडीवर थांबले.

"आलं का?"

"आलं."

"आता हो?"

"आता वाचायचं."

पहिलं पान उघडून घड्याळवाले दहा मिनिटं बसले. पान उलटलं नाही. मग ते उठले, आत गेले, काकूंच्या उशीखालून खाकी कागदातली कादंबरी काढली आणि बाहेर आणून नव्या पुस्तकाशेजारी ठेवली. दोन्ही पुस्तकांच्या कडा बोटानं सरळ रेषेत आणल्या.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या म्हणाल्या, "कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. तू कागद बदललास, पण आतल्या पानावरचा वाचनालयाचा नंबर तोच ना? चार हजार चारशे सतरा. रांगेत नाव लावलं तेव्हाच बाईंच्या रजिस्टरातून माझ्या वहीत उतरवलेला आहे. अगं, एक्केचाळीस वर्षं मी मुंगीच्या पायाएवढे नंबर वाचले. तुझी खूण होती त्याच पानावर ठेवून परत सरकवलं."

"मग दर सोमवारी बाईंकडे जाऊन काय विचारत होतात?"

घड्याळवाल्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला घेतला. तो स्वच्छ होता.

"त्या नाही म्हणायच्या, म्हणून जायचो."

काकू खिडकीकडची मान वळवून त्यांच्याकडे बघू लागल्या.

"आठ पुस्तकं वाचली मी. मला काही कळलं नाही. पाचव्यातलं थोडं कळलं असं वाटलं होतं, पण तो शाईचा डाग निघाला. आणि गावभर सांगून बसलो होतो. तुझा भाऊ, तो कव्हरवाला, डॉक्टर. आता कुठल्या तोंडानं म्हणायचं, की मला भीती वाटते? नववं मिळत नाही म्हटलं की सगळे गप्प बसायचे. वाटलं, महिना असाच निघून जाईल."

"महिन्याबरोबर ते घरही गेलं असतं."

"हो."

"हे तुमच्या लक्षात नव्हतं?"

"रोज होतं."

"मग जाऊन सांगितलं का नाही नर्सबाईंना?" काकूंचा आवाज चढला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा चढला असेल. "मी इथे बसून त्या दाराकडे बघतेय. माणसं येऊन घर बघून जातात तीही मला इथून दिसतात. काल एक जोडपं आलं होतं. तिनं पायरीवर उभं राहून लांबी मोजली. माझ्या पायरीची! आणि तुम्ही पानं उलटत बसलात!"

घड्याळवाले हळूच म्हणाले, "तिथे शब्द दिला असता, तर तुला हे एवढंच मिळणार हे नक्की झालं असतं. एक्केचाळीस वर्षं लोकांची घड्याळं लावली. तुला काय दिलं मी? तिसरा मजला. पहिल्यांदा हातात पैसा आला, तर वाटलं, एकदा तरी तुला काही मोठं द्यावं."

"मोठं नको मला," काकू म्हणाल्या. "खालचं द्या."

रस्त्यावरून कुणाची तरी सायकल गेली. घड्याळवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दोन पुस्तकांकडे बघून विचारलं, "तू वाचलंस ना हे? शेवटी काय सांगतो तो?"

"धीर धरा म्हणतो. मला! या खिडकीत बसलेल्या बाईला तो धीर शिकवतो! त्याला म्हणावं, ये वर, चौपन्न पायऱ्या आहेत."

आधी घड्याळवाल्यांना हसू आलं. ते दाबायला गेले तर ठसका लागला. काकूही हसायला लागल्या, मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि तशाच हसत राहिल्या. घड्याळवाले उठून चपला शोधू लागले.

"आत्ता निघालात?"

"दिवे लागायच्या आत जाऊन येतो. आणि तू खिडकीतून हलू नकोस. नर्सबाईंनी हो म्हटलं की मी पायरीवर उभा राहीन."

नर्सबाई शिस्तीच्या. दारातच विचारलं, "नीट विचार केलाय ना, काका? नंतर मागे फिरायचं नाही."

"आठ पुस्तकं वाचून विचार केलाय."

"आठ? सगळे तर नऊ म्हणत होते."

"नववं आमच्या हिनं वाचलंय."

मग ते पायरीवर जाऊन उभे राहिले. तिसऱ्या मजल्यावरून नीट दिसावं म्हणून हात वर करून उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, काकांच्या खांद्याला काहीतरी झालं.

*

तीस तारखेला फॉर्म घेऊन आलेल्या मेहुण्यानं कपाळावर हात मारला. "नऊ पुस्तकं वाचून तुम्ही हे केलंत, भाऊजी? हे तर एकही न वाचता करता आलं असतं!" घड्याळवाल्यांनी मान डोलावली, कारण ते खरं होतं.

आता अशा गोष्टीत यानंतर बाजार कोसळायला हवा. बाईसुद्धा रोज सकाळी चौदा नंबरच्या कपाटाकडे त्याच आशेनं, म्हणजे काळजीनं, बघायच्या. पण बाजाराला गोष्टीची पर्वा नसते. तो चढतच राहिला. निदान हे लिहीपर्यंत तरी चढतोच आहे. दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात परदेशी खुर्ची आणली. मेहुण्यानं गाडी घेतली आणि ती दाखवायला पहिल्यांदा बहिणीच्याच दारात आणली. दर महिन्याला तो येऊन हिशेब सांगतो, "भाऊजी, तेव्हा लावले असते तर आज किती झाले असते, सांगू?"

"सांग ना," काकू म्हणतात. "आणि सांगता सांगता त्या कोपऱ्यातल्या कुंडीला पाणी घाल." कुंड्या अंगण नसल्यानं पायरीच्या कडेला मांडल्यात. माणसाला पाय ठेवायला जेमतेम जागा उरते.

जागा बदलली त्या दिवशी काकूंना पुन्हा एकदा खुर्चीतून खाली आणावं लागलं. तेच दोन शेजारी, तीच खुर्ची. पहिल्या मजल्यापर्यंत काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. घड्याळवाले खुर्चीच्या पुढे उलटे उतरत होते आणि प्रत्येक वळणावर सांगत होते, "झालं, आता थोडंच राहिलं." काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "तुम्ही पुढे बघून उतरा, नाहीतर मला नेऊन ठेवतील आणि तुम्हाला आणायला परत यावं लागेल."

नव्या घरात सामान अजून गाठोड्यांत होतं. चहाचं भांडं सापडत नव्हतं. काकूंनी काठी घेतली, दाराची चौकट धरली आणि एक पायरी उतरून रस्त्यावर उभ्या राहिल्या. समोरून जाणाऱ्या एका अनोळखी बाईला त्यांनी "काय, कुठे निघालात?" असं विचारलं, तिचं उत्तर पूर्ण ऐकून घेतलं आणि आत आल्या. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर गेल्या. काम काही नव्हतं. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. गुडघे दुखत होते, ते त्यांनी चालू दिलं.

त्या दिवशी काकू अकरा वेळा आत-बाहेर गेल्या. घड्याळवाले म्हणतात की त्यांनी काही मोजलं नाही, ते गाठोडी सोडत होते. पण अकरा हा आकडा बाईंना त्यांनीच सांगितला.